हौसाक्काची उसळ

एका पेठेत उसळीचा एक गाडा होता. पेठ गुळाची होती. आजूबाजूच्या गुऱ्हाळांतून गुळाच्या ढेपा गाड्या भरभरून तिथे येत. हमाल त्या पाठीवर वाहत, व्यापारी त्यांचे सौदे करत. आणि सौद्याच्या पटांगणाच्या कडेला, चिंचेखाली, हौसाक्का आपला गाडा लावी.

गाडा साधाच होता. एक शेगडी, एक मोठं पातेलं, आणि फडक्यात गुंडाळलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या. पातेल्यात मटकीची उसळ रटरटत असे. वर लाल तवंग, खाली दाट रस्सा. चार आण्यांत पोट भरायचं. पण नुसतं पोट भरतं म्हणून कोणी तिथे जात नसे. पाठीवर चाळीस ढेपा वाहिलेला माणूस पहिला घास घ्यायचा आणि डोळे मिटायचा. कोणाचं घरी भांडण झालेलं असे, कोणाचा सौदा फसलेला असे. तो ताटली पुसून उठला की त्याचा चेहरा निवळलेला दिसे. हे कसं होतं, ते कोणालाच सांगता येत नसे. परगावचे लोक तर नुसते बघत राहत. एवढ्याशा गाड्यावर एवढं काय आहे?

हौसाक्काची एक रीत होती. उसळ झाली की ती पळीतला एक थेंब तळहातावर घेई, जिभेला लावी आणि क्षणभर थांबे. मग मान हलवून म्हणे, "या." ती 'या' म्हणेपर्यंत कोणी ताटली पुढे करत नसे. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

एका फाल्गुनात हौसाक्का तापाने आजारी पडली. नऊ दिवस ती अंथरुणात होती. दहाव्या दिवशी ताप उतरला. तिने पेज तोंडाला लावली आणि ती दचकली. पेज कशाचीच लागत नव्हती. तिने मिठाचा खडा चघळला. काही नाही. मिरची चावली. जिभेला आग झाली, पण चव आली नाही. कापूर हुंगला, त्याचाही वास नाही.

वैद्यबुवा म्हणाले, "कधी कधी तापात असं होतं. परत येईल, किंवा येणारही नाही. वाट बघायची."

हौसाक्का घरात एकटीच होती आणि तिचं पोट गाड्यावरच होतं. ती मनाशी म्हणाली, जिला चव कळत नाही तिच्या हातचं कोण खाईल? तिने कोणाला काही सांगितलं नाही. हातांना सगळं माहीत होतं. मुठीत किती मटकी मावते, चिमटीत किती मीठ येतं, हे हात विसरले नव्हते. ती पुन्हा गाड्यावर उभी राहिली. उसळ झाली की थेंब तळहातावर घेई, जिभेला लावी, थांबे, आणि म्हणे, "या."

लोक आनंदाने जेवत. ती मात्र रोज त्या क्षणी लोकांकडे बघायचं टाळी. कारण ते थांबणं आता खोटं होतं.

महिना निभावला. मग चैत्रातल्या एका मंगळवारी मीठ घालताना कोणीतरी तिला हाक मारली. ती बोलायला वळली. परत येऊन तिने पुन्हा मीठ घातलं. आधी घातलेलं तिच्या लक्षात राहिलं नाही, आणि जिभेने सांगितलं नाही.

पहिली ताटली नेहमीप्रमाणे बाळाप्पाची होती. बाळाप्पा पेठेतला सर्वांत जुना हमाल. त्याने घास घेतला आणि तो थबकला. मग त्याने हौसाक्काकडे पाहिलं. ती तापाने वाळून गेली होती, गालफडं बसली होती. त्याने मान खाली घातली आणि सगळी उसळ संपवली. दोन तांबे पाणी प्यायला आणि कामाला गेला. त्याच्यामागून साठ-सत्तर जण जेवले. प्रत्येकाच्या तोंडात खारट घास आला, आणि प्रत्येकाने तो गिळला. बाई आजारातून उठली आहे, एखाद्या दिवशी व्हायचंच, असं जो तो मनाशी म्हणाला. ताटल्या पुसून परत आल्या.

दुपार कलली तेव्हा हलीमाबी आली. ती बांगड्या विकायला महिन्यातून एकदा पेठेत येई आणि आली की हौसाक्काकडेच जेवे. तिने एक घास खाल्ला आणि ताटली खाली ठेवली.

"आक्का, रागवणार नसलीस तर एक सांगते."

"सांग की."

"मीठ दोनदा पडलंय. तोंडात धरवत नाही."

हौसाक्काच्या हातातली पळी तशीच राहिली. "काय बोलतेस, बी? सकाळपासून सगळ्यांनी खाल्लं. कोणी एका शब्दानं बोललं नाही."

"मग त्यांचा तुझ्यावर फार जीव आहे," हलीमाबी म्हणाली.

हौसाक्काने पुसून परत आलेल्या ताटल्यांकडे पाहिलं. साठ-सत्तर माणसं. उन्हात राबणारी, एक वेळ जेवणारी माणसं. तिला वाईट वाटू नये म्हणून ती खारट उसळ मुकाट्याने खाऊन गेली होती. तिचे डोळे भरून आले. आपल्या वाट्याला एवढं प्रेम आहे, हे तिला कधी ठाऊकच नव्हतं. मग तिने हलीमाबीला सगळं सांगितलं. ताप, पेज, कापूर, सगळं.

हलीमाबी हळूच म्हणाली, "मी कोणाला सांगणार नाही. उद्यापासून मीठ मोजून घालत जा. झालं."

त्या बोलण्यावर विसंबून हौसाक्का घरी गेली. दुसऱ्या दिवशी मोठ्या सौद्याचा बुधवार होता. दोन-तीनशे माणूस जेवायला असे. म्हणून तिने कांदा-खोबऱ्याचं वाटण त्याच संध्याकाळी वाटून ठेवलं.

बुधवारी सकाळी चिंचेखाली गर्दी जमली. मटकी शिजत होती. हौसाक्काने वाटणाच्या डब्याचं झाकण काढलं. वाटण दिसायला बरं होतं. पण बोटांना थोडं सैल लागलं. रात्री उकाडा फार झाला होता. तिने डबा नाकाशी नेला. वास नाही. बोटाने जिभेला लावलं. चव नाही.

ते चांगलं असेल, किंवा नसेल. तिला कळायला वाटच नव्हती.

समोर माणसं उभी होती. बाळाप्पा होता, गुऱ्हाळाचे गाडीवान होते, दोन बाया पोटाशी लेकरं धरून उभ्या होत्या. हौसाक्काच्या मनात आलं, हे वाटण मी पातेल्यात टाकलं आणि ते खराब निघालं, तरी ही माणसं खातील. माझ्यासाठी खातील. बोलणार नाहीत. काल ज्या मायेनं तिचे डोळे भरले होते, त्याच मायेची तिला आता भीती वाटली.

खरं सांगितलं तर गाडा संपला. नाही सांगितलं तर कदाचित काहीच होणार नाही. तिने पळी उचलली, आणि खाली ठेवली.

"ऐका," ती म्हणाली. "मला चव कळत नाही. वासही कळत नाही. तापानं नेलं. महिना झाला, मी तुमच्यापासून लपवलं. मी थेंब जिभेला लावते ते नाटक आहे. हे वाटण चांगलं आहे की आंबलंय, ते मला सांगता येत नाही. आजपासून मी गाडा बंद करते."

सौद्याची हाळी द्यायला उठलेले अडतदार पोपटशेठसुद्धा जागीच थांबले.

बाळाप्पा पुढे आला. त्याने डबा हातात घेतला आणि हुंगला. "आंबलंय," तो म्हणाला, आणि वाटण नेऊन लांब ओतून आला.

हौसाक्का पदराने तोंड झाकून उभी होती. बाळाप्पा तिच्यासमोर थांबला.

"आक्का, चूक एकट्या तुझी नाही. काल उसळ खारट होती. मी पहिला घास घेतला. मी बोलायला पाहिजे होतं. मी गप्प बसलो, म्हणून मागचे सगळे गप्प बसले."

"तुम्ही मायेनं केलंत, अण्णा."

"मायेनं केलं म्हणून काय ते बरोबर होतं?" बाळाप्पा म्हणाला. "आणि गाडा का बंद करतेस? चव तुझ्या जिभेवर होती असं तुला वाटतं. सव्वीस वर्षं तू ती आमच्या जिभेवर ठेवलीस. ती कुठं जातेय? हात तुझे, जीभ आमची. कर सुरू."

तोवर माणसं हलली होती. पोपटशेठांनी घरून नारळ मागवले. कोणी कांदे आणले. शेजारच्या तेलिणीने आपला पाटा-वरवंटा बाहेर काढला आणि त्या लेकुरवाळ्या बायांपैकी एक वाटायला बसली, तिचं लेकरू एका गाडीवानाने कडेवर घेतलं. हौसाक्काने फोडणी टाकली. तिचे हात चुकत नव्हते.

उसळ उकळली. बाळाप्पाने हात धुतले आणि तळहात पुढे केला. हौसाक्काने त्यावर एक थेंब टाकला.

दोन-तीनशे माणसं एका हमालाच्या तोंडाकडे बघत होती. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांखेरीज आवाज नव्हता.

"मीठ," बाळाप्पा म्हणाला. तिने चिमूट टाकली. त्याने पुन्हा चाखलं. "अजून किंचित." तिने टाकलं. तो थांबला. त्याने डोळे मिटले. आयुष्यभर ओझी वाहून रापलेला त्याचा चेहरा देवापुढे उभं राहिल्यासारखा शांत झाला.

"आक्का," तो म्हणाला, "म्हण."

हौसाक्काला हुंदका आला. तशाच आवाजात ती म्हणाली, "या."

त्या दिवशी सौदे तासभर उशिरा सुरू झाले. पेठेच्या आठवणीत असं पूर्वी कधी झालं नव्हतं. पोपटशेठ हमालांच्या मागे ओळीत उभे राहिले आणि आपली पाळी आली तेव्हा जेवले.

हौसाक्काची चव परत आली नाही. पण गाडा चालू राहिला. रोज सकाळी कोणीतरी एक जण चाखायला पुढे येई. आणि आता कोणी भीड धरत नसे. "आक्का, आज हिंग कमी आहे," गाडीवान लांबूनच ओरडे. "आज तिखट चढलंय गं," तेलीण म्हणे. हौसाक्का ऐके, पुन्हा पळी फिरवी, पुन्हा विचारी. पहिल्यापेक्षा उसळ आणखी चांगली झाली, असं जुने लोक सांगत. कारण आधी ती एका जिभेला पटली की पुरे असे. आता ती साऱ्या पेठेला पटावी लागे.

पुढे एकदा लांबच्या शहरातला एक खाणावळवाला तिथे आला. त्याने नाव ऐकलं होतं. तो दोन ताटल्या जेवला आणि थक्क झाला. त्याला कोणीतरी सांगितलं, की या बाईला चवच कळत नाही. त्याचा विश्वास बसेना.

"आक्का, तुम्हाला चव कळत नाही, आणि एवढी उसळ कशी जमते?"

हौसाक्का हात पुसत म्हणाली, "मला कळत नाही, हे मी सगळ्यांना सांगून टाकलंय. म्हणून मला रोज विचारता येतं."

खाणावळवाल्याने गाड्याला हात जोडले आणि तो आपल्या वाटेने गेला.

तात्पर्य: आपली उणीव लपवली तर तिचा त्रास आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना होतो; ती उघड सांगितली तर तीच माणसं ती भरून काढतात. आणि ज्याच्यावर आपली खरी माया आहे, त्याची चूक गिळू नये, त्याला ती सांगावी.