हाकेला ओ

एकदा एका खाडीकाठच्या गावात एक वृद्ध गुरुजी राहत असत. त्यांच्या पडवीत चटया अंथरलेल्या, चटयांवर लॅपटॉप उघडलेले, आणि शिकवण्याचा विषय सर्व्हर. दूरच्या माणसाने मोबाइलवर बोट टेकवले की त्याची मागणी आपल्या यंत्राने कशी स्वीकारावी, काम कसे करावे आणि उत्तर कसे धाडावे, हे ते शिकवीत. विद्या नवी होती, रीत मात्र जुनीच. शिष्य गुरुगृही राहत, जेवत आणि जेवल्यावर भांडीही घासत.

त्यांचा एक शिष्य फार बुद्धिमान होता, आणि ही गोष्ट त्याला स्वतःलाही चांगली ठाऊक होती. खाडीपल्याडच्या बेटावर पौर्णिमेला देवीची जत्रा भरे. तिथे जाणाऱ्या होड्यांत जागा मिळवण्यासाठी धक्क्यावर दरवर्षी झुंबड उडे. ज्याच्या कोपरात बळ तो चढे आणि म्हातारी माणसे ओटीचे सामान घेऊन काठावरच राहत. हे संपावे म्हणून शिष्याने घरबसल्या जागा राखण्याची सोय रचली. ते त्याचे पहिलेच काम होते. गावभर त्याचे कौतुक झाले आणि तो जमिनीपासून दोन बोटे वरून चालू लागला.

जत्रेच्या आधीच्या रविवारी सोय करून पाहायची ठरली, आणि फजिती झाली. सकाळीच सगळ्या होड्या भरल्याचे यंत्राने जाहीर केले. प्रत्यक्षात निम्म्या जागा मोकळ्या ठेवून होड्या निघाल्या आणि जागा न मिळालेली माणसे धक्क्यावरून त्यांच्याकडे बघत राहिली. एकेका माणसाच्या नावावर तीन-तीन, चार-चार जागा पडल्या होत्या.

होडीवाल्यांचे म्होरके हिराजी तांडेल संध्याकाळी पडवीत येऊन बसले. रागावले नाहीत, ते शिष्याला अधिकच लागले. "पोरा," ते म्हणाले, "कागदावर माझी होडी बुडायला आली होती नि पाण्यात रिकामी होती. पौर्णिमेपर्यंत जमलं तर बघ. नाहीतर आमची जुनी धक्काबुक्की आहेच."

शिष्याने अन्नपाणी सोडायचेच बाकी ठेवले. लोक घायकुते आहेत, एकदा बटण दाबून त्यांना धीर धरवत नाही, असे त्याचे निदान होते. यंत्र मोठे असते तर काम झटपट झाले असते, असेही त्याला वाटे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने गुरुजींकडे मोठ्या यंत्राचा हट्ट धरला, आणि ते मिळणार नसेल तर आपण ही विद्याच सोडतो, असे डोळ्यांत पाणी आणून सांगितले.

गुरुजी म्हणाले, आधी जेवून घे.

त्या दिवशी ते स्वतः वाढायला उभे राहिले. भात वाढून ते आत गेले. शिष्याने सोलकढी मागितली. आतून उत्तर आले नाही. थोडा वेळ थांबून त्याने पुन्हा मागितली. स्वयंपाकघर सामसूम. गुरुजींना हल्ली कमी ऐकू येते की काय, या शंकेने तिसऱ्यांदा त्याने आवाज चढवूनच हाक दिली.

मग गुरुजी आले. त्यांनी सोलकढीची वाटी ताटाशी ठेवली, आत जाऊन दुसरी आणली, पुन्हा जाऊन तिसरी आणली, आणि स्वतः समोर बसून कोरडा भात मिठाशी कालवू लागले.

शिष्य गोंधळला. "गुरुजी, मला एकच वाटी हवी होती."

"मागितलीस तीनदा. सोलकढी तेवढीच होती."

"पण तुम्ही काही बोललाच नाहीत. मला वाटलं, ऐकूच गेलं नाही."

एवढे बोलून तो थांबला. भाताकडे गेलेला हात तसाच राहिला. गुरुजींच्या मिशीत हसू फुटले.

"पहिल्या हाकेला मी नुसतं 'आणतो' म्हटलं असतं, तर तू स्वस्थ बसला असतास," ते म्हणाले. "कढी काही लवकर झाली नसती. नारळ खवायला जो वेळ लागतो तो लागतोच. पण माणूस वाट पाहायला कंटाळत नाही रे. आपली हाक पोचली की नाही हेच कळेनासं झालं की त्याचा धीर सुटतो. तुझं यंत्र मागणी घेतं, होडी शोधतं, नाव लिहितं, तांडेलाला निरोप धाडतं आणि सगळं उरकल्यावर तोंड उघडतं. तोवर बिचारा बटणच दाबणार. आता चौथ्यांदा माग बघू."

शिष्याने ओशाळून कढी मागितली.

"तुझी वाटी तुझ्या पुढ्यातच आहे," गुरुजी म्हणाले. "एवढंही ओळखता आलं पाहिजे. त्याच माणसाची तीच हाक म्हणजे नवी मागणी नव्हे."

शिष्याने दोन वाट्या उचलून गुरुजींच्या पुढ्यात ठेवल्या आणि फजितीनंतर प्रथमच पोटभर जेवला.

यंत्र तेच राहिले. आता बटण दाबताच आधी अक्षरे उमटत, 'तुमची मागणी पोचली, जागा बघतो आहोत', आणि बाकीचे काम मागाहून सावकाश चाले. प्रत्येक मागणीला खुणेचा आकडा मिळे. तीच मागणी पुन्हा आली की यंत्र तिला ओळखी आणि पहिलेच उत्तर देई. जिथे जागा उरलेली नसे तिथे तेही तत्काळ सांगे.

पौर्णिमेला धक्क्यावर ढोल वाजत होते, पण धक्काबुक्की नव्हती. म्हाताऱ्या बायका ओटीचे सामान मांडीवर घेऊन आपापल्या जागी ऐटीत बसल्या होत्या. होड्या काठोकाठ भरून निघाल्या. हिराजी तांडेलांनी शेवटच्या होडीत शिष्याला आपल्याजवळ बसवून घेतले आणि स्वतःच्या गळ्यातला झेंडूचा हार त्याच्या गळ्यात घातला.

होडी बरीच आत गेल्यावर शिष्याला काठावर उभे असलेले गुरुजी दिसले. त्याला हर्ष आवरेना. त्याने तोंडाशी हात धरून मोठ्याने हाक मारली. वारा उलटा होता, ढोल घुमत होते; शब्द पोचणे कठीणच. तरी गुरुजींनी हात उंच केला.

शिष्य हसला आणि खाली बसला. दुसरी हाक त्याने मारली नाही.

काम व्हायला वेळ लागत असेल तर लागो. हाकेला ओ मात्र लगेच द्यावी.