उंबरठ्याबाहेरची घंटी

ही गोष्ट मी सांगायची नाही, असे आमच्या घरी ठरले आहे. मामा तुरुंगातून सुटून आमच्याकडे राहायला आल्यापासून आई तुरुंग हा शब्दसुद्धा घरात काढू देत नाही. पण जातककथेला ती काय म्हणणार? त्यात सगळे फार पूर्वी घडून गेलेले असते. म्हणून लिहिते.

पूर्वी वैजयंती नगरात दृढायू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका द्वारपालाच्या घरी जन्मला आणि वयात आल्यावर तिथल्या बंदिशाळेचा अधिकारी झाला. त्याचे नाव सुयाम. तो कैद्यांना शिव्या देत नसे आणि त्यांच्या भातातले तूप घरी नेत नसे, एवढ्यावरूनच लोक त्याला विचित्र समजत.

बंदिशाळेच्या दारावर राजाच्या आजोबांनी एक शिळा बसवली होती. तिच्यावर कोरले होते, ‘या दारातून जो बाहेर पडेल, त्याने वर्षभर पायात घंटी बांधावी. नगरातल्या कुणी त्याला आपल्या उंबरठ्याच्या आत घेतले, तर घंटी उतरवावी.’ आजोबांच्या मनात काय होते कोण जाणे. नगरात मात्र एवढेच झाले, की घंटी वाजली की दारे लागत. वाजणारा कोण, हे बघायलाही कुणी थांबत नसे. आजवर एकही घंटी वर्षाच्या आत उतरली नव्हती. बहुतेक पाय वर्ष संपायच्या आधी घंटीसकट बंदिशाळेत परत येत. सुयामाला कैद्यांची तोंडे आठवली नाहीत तरी पाय ओळखू येत.

बलाहक नावाचा म्हातारा पहारेकरी त्याला म्हणे, “धनी, हरवलेला बैल घंटीनं सापडतो. माणूस घंटीनं हरवतो.”

एकदा नंदिय नावाचा रंगारी सुटला. त्याने भांडणात एका वाण्याचा हात मोडला होता आणि त्याची शिक्षा पुरी भोगली होती. त्याची बायको वारलेली होती. किरा नावाची मुलगी होती, तिला त्याची धाकटी बहीण सांभाळत होती. सकाळी तो घंटी वाजवत निघाला, तेव्हा त्याने दाढी पाण्याने चापून बसवली होती.

दिवस मावळायच्या आत तो परत दाराशी उभा होता.

“मला आत घ्या,” तो म्हणाला.

“गुन्हा काय केलास?” सुयामाने विचारले.

“अजून नाही केला. तुम्ही सांगाल तो करतो.”

बलाहक हसला, पण सुयाम हसला नाही. “बहीण काय म्हणाली?”

“दाराआडूनच बोलली. म्हणाली, ‘दादा, तू वाईट नाहीस रे, पण गल्ली आहे. पोरीचं लग्न जमवायचंय.’ किरा आतच होती. तिच्या बांगड्या वाजल्या. मग कुणीतरी तिला मागं ओढलं.” नंदियने पायातली घंटी मुठीत धरली. “निळीच्या कुंडातलं पाणी कोण बदलत असेल, एवढंच विचारायचं होतं. तेही राहिलं.”

सुयामाने त्याला आत घेतले नाही. देवडीवर बसवून पेज दिली. मग तो शिळेसमोर उभा राहिला. इतकी वर्षे तो तिच्याखालून रोज जात होता. आता त्याने ती एकेक अक्षर लावून वाचली. ‘या दारातून जो बाहेर पडेल.’ कैदी हा शब्द तिच्यावर कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी घरी निघताना त्याने कोठारातून एक घंटी मागवली आणि आपल्या पायात बांधली.

“धनी, हे काय आरंभलंत?” बलाहक म्हणाला.

“मी या दारातून बाहेर पडतोय.”

“मी पण रोज पडतो.”

“मग तूही बांध.”

बलाहकाने कपाळाला हात लावला, पण बांधली. मग पाणक्याने बांधली. पेज शिजवणाऱ्या बाईने बांधली आणि ती नवऱ्याला म्हणाली, “आता दार लावून दाखवा, म्हणजे उद्यापासून भात तुम्हीच शिजवा.”

नगरात त्यांचे हसे झाले. मग ते राजाच्या कानावर गेले. सुयामाला बोलावणे आले, घंटी काढून दरबारात हजर हो. सुयामाने उत्तर पाठवले, “वर्ष झालेले नाही आणि घरी मी एकटाच, मला अजून कुणी उंबरठ्याच्या आत घेतलेले नाही. घंटीसकट बोलवाल तर येतो.”

दरबारात घंटीला मज्जाव होता. तेव्हा राजाच संतापून निघाला. डोक्यावर मुकुट नव्हता, अंगावर नुसती शाल होती. सेवकांना बाहेर उभे करून तो तरातरा बंदिशाळेत शिरला.

“सुयामा, माझ्या आजोबांच्या नियमाची थट्टा करतोस?”

“महाराज, थट्टा नाही. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच तो पाळतोय.”

“मी तुला याच कोठडीत टाकू शकतो.”

“टाका. सुटेन तेव्हाही घंटी बांधूनच निघेन. मला तर सरावच झालाय.”

राजा वळला आणि दाराकडे निघाला. सुयाम त्याच्या आधी दाराशी पोचला होता. त्याच्या हातात एक घंटी होती.

पहारेकरी भिंतीला टेकले.

“महाराज,” सुयाम म्हणाला, “नियम मोडायचा असेल तर आत्ता मोडा, पण सगळ्यांसाठी. आणि ठेवायचा असेल तर पाय पुढे करा.”

राजाने मान वर करून शिळा वाचली. तोही ती पहिल्यांदाच वाचत होता. “आजोबांचा शब्द मी मोडणार नाही,” तो म्हणाला, आणि त्याने पाय पुढे केला. सेवकांना त्याने परत पाठवले. शाल डोक्यावरून ओढून घेतली आणि म्हणाला, “राजमार्गाने नको.”

“मग रंगाऱ्यांच्या गल्लीने जाऊ,” सुयाम म्हणाला आणि त्याने देवडीवर बसलेल्या नंदियलाही हाक मारली.

संध्याकाळची वेळ होती. दोऱ्यांवर निळी लुगडी वाळत होती. तीन घंट्या गल्लीत शिरल्या आणि एकामागून एक दारे लागत गेली. एका दाराआडून कुणी म्हणाले, “पुढं व्हा, इथं काही मिळायचं नाही.” दुसरीकडे कुणीतरी पोराला दटावले, “बघू नकोस, पाप लागेल.” ही सगळी राजाचीच प्रजा होती. त्याच्या जन्मदिवशी याच दारांना तोरणे लागत. तो आधी ताठ चालत होता. मग घंटी वाजू नये म्हणून पाऊल जपून टाकू लागला. सुयामाने ते पाहिले. सगळे तसेच चालतात, हे त्याला ठाऊक होते.

गल्लीच्या टोकाला नंदियचे घर होते. आत झटापट झाली. बहिणीचा आवाज आला, “किरा, कडी काढू नकोस.” आणि कडी निघाली. कोपरापर्यंत निळे हात असलेली एक मुलगी दारात उभी राहिली.

“कुंडातलं पाणी मी बदलते, बाबा,” ती म्हणाली. “रोज.”

तिने त्याला हाताला धरून आत घेतले. सुयामाने वाकून त्याची घंटी सोडली. ती फरशीवर पडली तेव्हा एकदाच वाजली.

शालीतला माणूस बाहेरच उभा होता. “मुली, मलाही आत घेशील का?” तो म्हणाला. “नाहीतर ही उतरत नाही.”

किराने त्याला खालीवर पाहिले. “तुम्ही काय केलं होतं?”

“काही नाही.”

“सगळे तसंच म्हणतात,” किरा म्हणाली आणि बाजूला सरली. “या.”

दुसऱ्या दिवशी राजाच्याच हुकमाने शिळा उतरवली गेली. घंट्या गुराख्यांना वाटून टाकल्या.

विहारात शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली, तेव्हा समोर एक भिक्खू खाली मान घालून बसला होता. तो पूर्वी बेड्यांत राहिलेला होता आणि गावातल्या बायका त्याच्या पात्रात भात वाढत नव्हत्या. शास्ते म्हणाले, “त्या वेळचा नंदिय म्हणजे हा भिक्खू. दृढायू राजा म्हणजे या गावाचा मुखिया, जो आज मागे बसून ऐकतो आहे. किरा म्हणजे ती गवळण, जिने काल याला एकटीने ताक दिले. आणि सुयाम म्हणजे मीच.”

अशा जातककथेखाली बोधिसत्त्वाचा गुण म्हणून मैत्री लिहितात. मी अधिष्ठान लिहिते. अधिष्ठान म्हणजे एकदा ठरवले की मागे न हटणे. आणि त्या गल्लीतली बंद दारे आज कुणाकुणाची आहेत, हेही मला माहीत आहे. त्यातले पहिले आमच्याच जिन्यावर, डाव्या हाताला

आई हाक मारते आहे. खाली कडी वाजली. इतक्या हळू फक्त मामाच वाजवतो. शेजारचे जिन्यावरून घाईने आपल्या दाराकडे जाताना ऐकू येत आहेत. आई म्हणते आहे, “शरयू, थांब जरा, शेजारच्यांना आत जाऊ दे, मग उघड,” पण मी आत्ताच