दाराकडून केलेली जमीन

"आता मी बाहेर कसा येऊ, बाबा?"

रेवणबाबा उंबऱ्याबाहेर उभे होते. अंबादास मठीच्या आतल्या भिंतीला पाठ लावून उभा होता. हातात कुंचा, पायाखाली वीतभर कोरडी जागा. मधे सगळी ओली जमीन.

बाबांनी जमिनीकडे पाहिलं. मग अंबादासकडे.

"आत कसा गेलास?"

"काम करत करत."

"हं..."



मठीची जमीन मातीची. वाडीतली धुरपाआत्या दर शनिवारी येऊन ती शेणाने सारवायची. यंदा तिचे गुडघे धरले. जमिनीला पोपडे आले. बाबांच्या घोंगडीत खालून ओल चढू लागली. तेव्हा अंबादास पुढे झाला. म्हणाला, मी करतो. पुन्हा सारवायलाच लागू नये अशी करतो.

अंबादासचं बार्शीला कापडाचं दुकान होतं. ते भावाच्या हवाली करून तो बाबांकडे आला होता. दुकान सुटलं, पण दुकान सोडल्याचं सांगणं सुटलं नव्हतं. हात मात्र चांगले. खोटं का बोला?

अडत्याकडची फाटकी पोती आणली. उसवली, धुतली, एकाला एक जोडली आणि मठीएवढं एकच गोणपाट शिवलं. चिंचोके भाजले, सोलले, भिजवून वाटले आणि त्याची खळ शिजवली, घोंगडीला देतात तशी. जमीन चोपून घेतली. तिच्यावर खळ लावून गोणपाट बसवलं. ते खडखडीत वाळू दिलं. आज वरचा थर होता. गोणपाटावर पुन्हा खळ, तिच्यावर धोतरं, धोतरांवर खळीत कालवलेला गेरू. वाळलं की जवसाचं तेल पाजायचं. बस्स. गरिबाच्या घरात शोभेल आणि पाटलाच्या घरात हेवा वाटेल अशी जमीन.

धोतरं त्याची स्वतःची होती. दुकानातल्या दिवसांतली, बारीक सुताची. तेवढीच त्याच्याजवळ उरली होती.

आणि हे सगळं त्याने दाराकडून सुरू केलं. आलेल्या माणसाची नजर आधी दाराशी पडते. तिथला थर ताज्या हाताने, ताज्या खळीने पडावा, हा त्याचा हिशोब. असा तो मागे सरकत, सरकत, भिंतीला जाऊन टेकला.

तोवर धुरपाआत्या काठी टेकत आली. बाबांच्या आडून तिने आत डोकावलं.

"अगं बया! दाराकडनं सुरवात केली व्हय?"

"हसू नका, आत्या."

"हसू नको तर काय करू? आमच्यात परकरातली पोर भिंतीकडनं दाराकडं येती. पण तू पडलास दुकानदार. गिऱ्हाईक दिसलं पायजे ना आधी!"

"दुकान सोडलंय मी."

"दिसतंय की ते."

अंबादासचे कान लाल झाले. आत्याला दया आली असावी.

"फळी टाकू का एखादी?"

"फळी चिकटेल. उचलताना सगळं सोलून निघेल."

"मग ऱ्हा उभा. उद्या दुपारपातूर वाळंल. मी भाकरी फेकते हितनं. झेल म्हणजे झालं."

अंबादासला भाकरीची चिंता नव्हती. चिंता दिवस मावळण्याची होती.

आज त्याला उपदेश मिळायचा होता. बाबा मठीसमोरच्या उंबराच्या झाडाखाली बसत आणि शिष्याच्या कानात काहीतरी सांगत. काय सांगत? कुणी म्हणे मंत्र. कुणी म्हणे एकच शब्द. कुणी म्हणे नुसती फुंकर. वाडीतल्या एका जुन्या शिष्याला अंबादासने खोदून खोदून विचारलं होतं. तो हसला आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेला. तेव्हापासून अंबादासच्या डोळ्याला डोळा नव्हता. दरवेळी बाबा "पुढं बघू" म्हणत. या खेपेला म्हणाले होते, "आज जमीन झाली की ये. दिवस मावळायच्या आत. अंधारात मी कुणाला काही सांगत नाही. दुसऱ्यांदा बोलावतही नाही."

"बाबा, तिथूनच सांगा ना. मला ऐकू येईल."

"आत्यालाही येईल."

"मी कान झाकते," आत्या म्हणाली. पण तिने हात काही वर नेले नाहीत.

"मग तुम्ही आत या, बाबा."

"मी येऊन काय करू? दोघं अडकू."

बाबा वळले.

"मी उंबराखाली बसतो."

"पण मी..."

बाबा निघून गेले. आत्या पायरीवर टेकली आणि गुडघे चोळू लागली.

अंबादासने मागचा झरोका पाहिला. डोकं जात होतं, खांदे अडत होते. डोकं काढताना कानशील खरचटलं.

मग तो जमिनीकडे बघत राहिला. दारातून तिरपं ऊन आत आलं होतं. ओल्या गेरूवर ते तांब्याच्या परातीसारखं चमकत होतं. एक सुरकुती नाही. एक फुगा नाही. असं काम आपल्या हातून पुन्हा होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. धोतरंही संपली होती.

ऊन सरकलं. अर्ध्या जमिनीवरून गेलं. त्याच्या पायाशी आलं.

काय सांगत असतील कानात?

त्याने डोळे मिटले आणि पाऊल टाकलं.

चर्र... धोतर पायाला धरून वर आलं. खालचं गोणपाट उघडं पडलं. दुसरं पाऊल. पुन्हा तेच. भिंतीपासून दारापर्यंत तो डोळे मिटूनच आला. आत्या बाजूला सरकली. हसली नाही.

उंबराखाली बाबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. लाल, चिकट, चिंध्या लागलेल्या पायांकडे पाहिलं.

"दुखलं?"

"पाय?"

"पाय नव्हे."

"...दुखलं."

सूर्य टेकडीला टेकला होता, पण होता. अंबादास गुडघ्यांवर बसला. मान तिरपी करून कान पुढे केला. श्वाससुद्धा रोखला.

बाबा उठले.

"थंडी पडली. चल, मठीत जाऊ."

अंबादासचा कान तसाच पुढे राहिला. मग तो उठून मागोमाग निघाला. दुसरं काय करणार?

दारात दोघे थांबले. एवढी देखणी जमीन, आणि तिच्या मधोमध फाटक्या पावलांची रांग. अंबादासला ते बघवेना. दाराबाहेर खळीचं दुसरं पातेलं होतं. त्याने पळी उचलली.

"बाबा, थोडी खळ उरलीय. पावलं आत्ता बुजवतो. सकाळी कुणाला कळणारही नाही."

बाबांनी त्याचं मनगट धरलं. पळी काढून घेतली आणि पातेल्यात ठेवली.

मग त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि उंबऱ्याजवळच्या पावलात आपलं पाऊल ठेवलं. बाहेर येणाऱ्या पावलात आत जाणारं पाऊल. अंबादासची टाच होती तिथे बाबांचा चवडा. मग पुढच्या पावलात दुसरा पाय. सावकाश, तोल सांभाळत. बाजूच्या ओल्या गेरूला त्यांचं नखही लागलं नाही.

अंबादास बघत राहिला. मग न राहवून बोलला.

"बाबा... आणि तो कानातला शब्द?"

बाबा मधोमध एका पायावर थांबले. मागे वळले नाहीत.

"पावलं बुजवली असतीस, तर मी आत कसा आलो असतो?"