चांदीने बांधलेलं मुसकं

लांडगेसुद्धा आगाऊ निरोप धाडून मगच कळपावर यायचे, तेव्हाची ही गोष्ट. चांदी शेळीला निरोप आला, "महिन्याभराने येतो, करडं तयार ठेव."

राखणीला होता भिंगऱ्या कुत्रा. पण लग्नाच्या पंगतींतल्या जिलब्या खाऊन तो इतका फुगला होता, की अंग खाजवतानाही त्याला दम लागायचा.

"जिलबी बंद!" चांदी म्हणाली. तिने भोपळा-गाजर किसून नाचणीच्या पिठात मळलं, मीठ-गूळ काही घातलं नाही, आणि कुंभाराच्या भट्टीवर खरपूस वड्या भाजल्या.

भिंगऱ्याने तोंड फिरवलं. "भाजीपाला? चांदीताई, मी काय बोकड आहे?"

नीट भाजल्यात का बघायला चांदीने एक वडी चाखली. मग दुसरी. संध्याकाळपर्यंत टोपली रिकामी! आठवडाभर हेच चाललं. चांदी गरगरीत झाली, भिंगऱ्या होता तसाच.

शेवटी एकदा करडांकडे बघून तिला रडू आलं. तिने बैलाचं मुसकं मागून आणलं, स्वतःच्या तोंडाला बांधलं आणि मगच वड्या भाजल्या.

भिंगऱ्या चक्रावला. "काटेरी कुंपणसुद्धा न सोडणारी ही, आणि तोंड बांधून बसलीय? आहे तरी काय त्यात?" त्याने एक वडी उचलली. मग टोपलीत डोकंच घातलं. पुढे रोजच, आणि जिलब्यांची चरबी झडत गेली.

ठरल्या दिवशी लांडगा आला. भिंगऱ्याने त्याला तीन टेकड्या पळवलं.

"बाबा रे, खातोस तरी काय?" लांडगा धापा टाकत ओरडला.

"भोपळा!"

"नुसत्या भोपळ्यावर एवढं? मग मटण मिळालं तर काय करशील!" म्हणत लांडग्याने तो मुलूखच सोडला.