बोडक्या मानेचा कोंबडा

"चाँदबीचं निळं अंडं संपलं म्हणं. मानमोडीच्या रोगात समद्या कोंबड्या गेल्या, आन् राहिलेला एकला कोंबडा आज पेंटर खाटकाकडं…"

गिरणीचा पट्टा सुरू झाला आणि पुढचं सगळं पिठात गेलं.

दळण तिथंच ठेवून मी घरी आले. चाँदबीआज्जीचा परस आणि माझा परस यांच्यामध्ये नुसतं तुराट्यांचं कुंपण. उभं राहिलं की दिसतं, बसलं की ऐकू येतं.

मी बसले. मग राहवेना म्हणून उभी राहिले.

शिवदास पेंटर उकिडवा बसला होता. पुढ्यात डालगं, डालग्याखाली आज्जीला दाखवायला आणलेली त्याची लाडकी लाल कोंबडी. शेजारी आज्जीचा कोंबडा. राखाडी, मानेवर एक पीस नाही, पाय सुतळीनं बांधलेले.

आज्जीच्या कोंबड्या दिसायला मातकट, पण अंडं घालायच्या आभाळाच्या रंगाचं. तिचे मालक ट्रकवर होते, त्यांनी कधीकाळी केरळाकडून ते वाण आणलेलं. पेंटरनं एकदा ते अंडं हातात घेतलं आणि खुळाच झाला. त्याला हवी होती लालभडक कोंबडी आणि तिच्याखाली निळं अंडं. त्याच्या लाल कोंबड्या अंडी घालायच्या ती तांबूस. साऱ्या गावाच्या पाट्या यानं रंगवल्या, स्वतःच्या दुकानाची मात्र कोरी ठेवली. माझ्या अंगणात निळं अंडं पडेल तेव्हाच नाव लिहीन, म्हणाला. गाव हसलं. तो आज्जीकडं शिकायला येतच राहिला.

"ह्याला का बांधलास?" आज्जीनं विचारलं.

"जाऊ द्या ह्याला खाटकाकडं, आज्जी. बोडका, राखाडी. ह्याचा रंग माझ्या लाल कोंबड्यांना लागला तर समदा डबा नासंल. पांढऱ्यात काळ्याचा एक थेंब पडला की काय व्हतंय, ते मला इचारा."

"कोंबड्या काय डब्यात कालवतोस व्हय रं?"

"रंग त्यो रंगच की."

आज्जी पानाला चुना लावत राहिली…

"आन् निळं कुठनं आणशील?"

"त्येच तर. निळं घालणारी एकबी राहिली न्हाई. पर मी सोडणार न्हाई, आज्जी. मुलूख धुंडाळीन."

"मुलूख?" आज्जीनं पान गालात सरकवलं. "पेंटर, तुझं नाक कुणाचं रं?"

त्यानं नाकाला हात लावला. नाक कसलं, पोपटाची चोच.

"आजीचं. बापाच्या आईचं. समदं गाव म्हणतंय."

"आन् बापाचं?"

"बाप नकटा."

"मग आजीचं नाक तुझ्यापत्तोर आणलं कुणी?"

पेंटर हळूहळू कोंबड्याकडं वळला. कोंबड्यानं एका डोळ्यानं त्याच्याकडं बघितलं.

"पर आज्जी… ह्यो कोंबडा हाय. ह्यो कवा अंडं घालणार?"

"तुझा बाप कवा बाळंत झाला व्हता?"

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"इंदे, कुंपण हलतंय," आज्जी इकडं न बघताच म्हणाली.

पेंटरनं सुतळी सोडायला घेतली. गाठ त्याचीच, शिडी बांधायची. नखानं सुटेना. शेवटी दातानं सोडवली.

"ह्याची पिल्लं मातकट निघतील?"

"निघतील."

"बोडकी?"

"काही काही."

"आन् लाल कवा?"

आज्जीनं पानाची पिंक टाकली.

"किती पिढ्या काढाव्या लागतील, ते तरी सांगा."

"खाटीक उजव्या अंगाला राहतो," आज्जी म्हणाली. "तुझं घर डाव्या अंगाला. जा."

एका काखेत कोंबडा, दुसऱ्या काखेत कोंबडी मारून पेंटर निघाला. गिरणीतल्या बाया अगदीच खोटं बोलत नव्हत्या. कोंबडा त्यानं नेलाच. पण वळला तो डावीकडं.

पुढं त्याची लाल कोंबडी खुडूक झाली, तेव्हा त्यानं तिच्याखाली त्या कोंबड्यापासून झालेली तिचीच अंडी बसवली. पिल्लं निघाली ती मातकट. काही बोडक्या मानेची. येणारा-जाणारा त्याच्या अंगणाशी थांबायचा.

"काय पेंटर, लाल रंग संपला व्हय? नुसता प्रायमर मारलाय!"

"पहिला हात हाय," पेंटर म्हणायचा, आणि दाणे टाकत राहायचा. मुंगसानं दोन पिल्लं नेली, तेव्हा रात्रीचा खुराड्याला टेकून झोपायला लागला. पाटी कोरीच.

अक्षय तृतीयेच्या सुमाराला एका सकाळी तो दोन्ही हातांची ओंजळ मिटून आला. मी कुंपणाशी होतेच.

"पहिलं अंडं, आज्जी. त्या बोडक्याच्या पोरीचं."

ओंजळ उघडली.

अंडं हिरवं होतं. शेवाळासारखं.

पेंटरचा चेहरा बघवेना. सबंध वाटेनं तो स्वतःची समजूत घालत आला असणार.

"निळं न्हाई झालं…" तो अंड्याकडं बघत म्हणाला. "व्हईना का. पुन्यांदा बसवतो. मी काय सोडत न्हाई."

आज्जीनं अंडं घेतलं. उन्हात धरलं, फिरवून बघितलं… आणि खाडकन् वाटीच्या काठावर फोडलं.

पेंटर ओरडला. मीही.

बलक वाटीत पडला. आज्जीनं अर्धं कवच घेतलं, आतून नख घालून पातळ पापुद्रा सोलला आणि ते त्याच्या नाकासमोर धरलं.

आतून कवच निळं होतं. फिकट, पण निळंच.

पेंटरनं ते बाहेरून बघितलं, आतून बघितलं. पुन्हा बाहेरून.

"वरनं आईचा तांबूस हात बसलाय," तो पुटपुटला. "म्हणून हिरवं दिसतंय. खाली… खाली निळंच हाय."

आज्जीनं वाटीत मिठाची चिमूट टाकली.

त्याचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता.

"आज्जी, मग आता पाटीवर नाव लिहू?"

"लिव्ह की," बलक ढवळत आज्जी म्हणाली. "आतल्या अंगानं लिव्ह."