तिन्हीसांजेची वाटी

एकदा एक मनुष्य समुद्रापलीकडच्या देशात दही विकायला गेला. लोक मसाले घेऊन जातात, वस्त्रे घेऊन जातात. याला दहीच सुचले. त्याच्या आईने निघताना एक स्वच्छ फडके घरच्या दह्यात भिजवून सावलीत वाळवले आणि त्याची घडी सामानात ठेवली. "पोचलास की कोमट दुधात हे बुडव. घरचं दही लागेल," एवढेच ती म्हणाली. पुढे ती माउली गेली. तो इतका दूर, की तिचे शेवटचे दर्शनही त्याला घडले नाही. तेव्हापासून त्या विरजणाला तो देवघरातल्या समईसारखा जपत असे. रोजच्या दह्यातले वाटीभर दुसऱ्या दिवसासाठी काढून ठेवल्याखेरीज त्याने एकही दिवस घास घेतला नाही.

ते बंदराचे गाव थंड होते आणि तिथली माणसे मितभाषी होती. दगडी घरांच्या एका अरुंद गल्लीत त्याने जागा घेतली. पुढे दुकान आणि मागे बिऱ्हाड. आरंभी बरे चालले. उन्हाळ्याचे दिवस होते, दही घट्ट लागत होते, नवलाई म्हणून गिऱ्हाईकही येत होते. पण नव्याचे नऊ दिवस सरले आणि गल्लीतली माणसे एकाएकी येईनाशी झाली. त्याने काय करून पाहिले नाही? दाराला रंग दिला, दह्यात मध कालवला, चक्का बांधून श्रीखंड केले. लोक दुकानासमोरून जात ते मान वळवून जात. लांबून येणारे चार खलाशी तेवढे त्याचे पोशिंदे होते. हिवाळा आला तसे दहीही रुसले. शेगडीजवळ ठेवा, गोधडीत गुंडाळा, सकाळी मडक्यात पातळ पाणी आणि त्याला तार सुटलेली.

हा मनुष्य थकला होता. अंग मोडून काम करणाऱ्याला निदान झोप तरी लागते. हा रिकाम्या दुकानात बसून बसून थकला होता, आणि तो शीण काही केल्या उतरत नाही. अखेर त्याने ठरवले की झाले तेवढे पुरे, आता परत जावे. योग असा की त्याच सुमारास त्याचे वृद्ध गुरुजी, ज्यांच्या पाठशाळेत तो लहानाचा मोठा झाला होता, दूरच्या शिष्यांना भेटून गलबताने स्वदेशी परतत होते, आणि त्यांचे गलबत वाऱ्याची वाट पाहत याच बंदरात थांबले. शिष्याने त्यांना घरी आणले, पाय धुतले आणि सांगून टाकले, "गुरुजी, मी तुमच्याबरोबर येतो. पेटी बांधून ठेवली आहे."

गुरुजींनी कोपऱ्यातल्या दोरीने आवळलेल्या पेटीकडे पाहिले. ते ये म्हणाले नाहीत आणि नकोही म्हणाले नाहीत.

दुपारी शिष्याने भात वाढला. फळीवर झाकून ठेवलेली एक वाटी होती. तिच्याकडे बोट करून गुरुजींनी विचारले, "त्यात काय आहे?"

"विरजण आहे. उद्यासाठी."

"बघू."

शिष्याने वाटी पुढे केली. गुरुजींनी ती घेतली, भातावर उपडी केली, चिमूटभर मीठ घातले आणि शांतपणे कालवून खाऊ लागले. शेवटी बोटाने वाटी निपटूनही घेतली. शिष्य डोळे फाडून पाहत राहिला. गुरुजींपुढे आवाज चढवायचा नाही, हे अंगवळणी पडले होते म्हणून बरे.

"गुरुजी," तो कसाबसा म्हणाला, "ते आईच्या हातचं होतं."

"म्हणून तर खाल्लं. टाकवलं नसतं मला. पण ठेवण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं, बाळ. तार सुटली होती त्याला. तुलाही ठाऊक होतं."

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले. रागाचे किती आणि दुःखाचे किती, हे त्यालाही सांगता आले नसते. "आता सकाळी दूध येईल," तो म्हणाला. "त्याला काय लावू?"

"शेजारी माग."

"शेजारी? गुरुजी, इथे आल्यापासून मी कुणाकडे चिमूटभर मीठ मागितलेलं नाही." हे तो जरा ताठ मानेने म्हणाला.

"अरेरे," गुरुजी म्हणाले. एखाद्याने जुना आजार सांगावा आणि ऐकणाऱ्याने हळहळावे, तसे ते म्हणाले. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "समोर कोण राहतं?"

"एक म्हातारी. शेळ्या पाळते. घरी दहीही लावते, चांगलं आंबटढाण म्हणे. पण ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

"का बरं?"

"देव जाणे. एकदाच दारात आली होती, गेल्या उन्हाळ्यात. वाटी घेऊन दही मागत होती. पण गुरुजी, ऐन दिवेलागणीची वेळ! आपल्याकडे तिन्हीसांजेला दही, दूध, मीठ कुणी घराबाहेर देतं का? लक्ष्मी निघून जाते. मी म्हटलं, उद्या सकाळी या. सकाळी वाटी भरून ठेवलीसुद्धा होती. बाई आली नाही. इथल्या माणसांचं असंच आहे."

"का देत नाहीस ते तिला सांगितलंस?"

"तेव्हा भाषा कुठे येत होती मला? 'उद्या सकाळी या' एवढेच शब्द येत होते. तेवढं म्हणून हात हलवून दाखवला आणि दार लावून घेतलं."

गुरुजींनी डोळे मिटले. मग म्हणाले, "संध्याकाळ होऊ दे."

संध्याकाळ झाली. शिष्याने दिवा लावला, हात जोडले आणि वळून पाहतो तो गुरुजी तीच रिकामी वाटी हातात घेऊन दाराबाहेर पडलेले. शिष्याची गाळण उडाली. पाठशाळेत हेच गुरुजी दिवेलागणीला मीठ मागायला आलेल्या मुलाला हात हलवत परत पाठवत असत. "गुरुजी, दिवे लागले!" तो मागून ओरडला.

"मला दिसतात," गुरुजी म्हणाले. "चल, तुझी भाषा लागेल मला."

म्हातारीने दार उघडले. काळी शाल, हातात शेळ्यांच्या चाऱ्याच्या चार काड्या. तिने आधी वृद्धाकडे पाहिले, मग त्याच्या मागे उभ्या असलेल्याकडे, आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला.

गुरुजींनी वाटी पुढे केली. "सांग तिला. माझ्या शिष्याच्या घरचं विरजण संपलं. थोडं द्याल का?"

शिष्याने अडखळत सांगितले. म्हातारी जागची हलली नाही.

"उद्या सकाळी या, असं मी म्हटलं तर?" ती म्हणाली.

शिष्याची मान खाली गेली. हे वाक्य त्याला भाषांतर करून सांगता येईना. पण गुरुजींनी विचारलेही नाही. ते नुसते वाटी धरून उभे राहिले. आणि मग शिष्यानेच, मोडक्यातोडक्या शब्दांत, प्रथमच सगळे सांगितले. आमच्या देशात दिवा लागल्यावर दही कुणाला देत नाहीत. घरात एक देवी असते, ती दह्याबरोबर निघून जाते असे मानतात. तुम्हांला नाही म्हणायचे नव्हते. सकाळी वाटी भरून ठेवली होती.

"मला वाटलं, तू आम्हांला हलकं समजतोस," म्हातारी म्हणाली. "साऱ्या गल्लीला तेच वाटलं." तिने हातातल्या काड्या खाली ठेवल्या. "माझा नवरा आजारी होता. पोटात काही ठरत नव्हतं. माझं दही त्याला आंबट लागायचं. म्हणाला, त्या परक्या माणसाचं दही गोड असतं म्हणतात, ते चाखावंसं वाटतं. मी रिकामी वाटी घेऊन परत गेले. सकाळी त्याला काहीच नको होतं."

"मी वाट पाहत होतो," शिष्य पुटपुटला.

"मी रडत होते," ती म्हणाली, गुरुजींच्या हातातली वाटी घेऊन आत गेली आणि तिच्यामागे दार बंद झाले.

थंडी बोचरी होती. शिष्याला वाटले, हे दार आता उघडत नाही, आणि न उघडले तर ते योग्यच आहे. पण दार उघडले. वाटीत घट्ट, किंचित पिवळसर दही होते. ती वाटी तिने शिष्याच्या हातात ठेवली.

घरी आल्यावर शिष्य दिव्यासमोर बसून राहिला. "मला ठाऊक नव्हतं, गुरुजी," तो म्हणाला.

"ठाऊक नव्हतं, हे खरं आहे," गुरुजी म्हणाले. "आणि आपली रीतही खोटी नाही. घरातली लक्ष्मी राखावी म्हणून वाडवडिलांनी ती घालून दिली. पण त्या दिवशी लक्ष्मी घरात कुठे होती रे? ती वाटी घेऊन दारात उभी होती, आणि ती जाऊ नये म्हणून तू दार लावून घेतलंस. त्यानंतर रंग दिलास, मध घातलास. गावाला विकण्याचे सगळे उपाय केलेस. गावाकडून घ्यायचं तेवढं राहिलं. ज्याला कुणाकडून वाटीभरसुद्धा घ्यावंसं वाटत नाही, त्याच्याकडून लोकांनी तरी का घ्यावं? आईचं विरजण तुला इथवर घेऊन आलं, तिचं काम झालं. इथल्या दुधाला इथलं विरजण लागेल. आणि हे बघ, मीही आयुष्यभर मुलांना परत पाठवत आलो. आज वाटी धरून उभा राहिलो तेव्हा कळलं, हात किती जड होतो ते."

सकाळी दूध आले. मडक्याला गुंडाळायला जाड कांबळे हवे होते आणि ते पेटीत होते. शिष्याने दोरी सोडली, कांबळे काढले, मडक्याभोवती लपेटले आणि त्याच दोरीने वरून आवळून बांधले.

संध्याकाळपर्यंत दही लागले. सुरी घातली तर वडी निघावी असे लागले. दिवा लावून झाल्यावर शिष्याने म्हातारीसाठी विरजणाची तीच वाटी काठोकाठ भरली आणि तिन्हीसांजेचा गल्ली ओलांडून गेला. पाय जड होते. एकदा मागे वळून त्याने दिव्याकडे पाहिलेही. रक्तात मुरलेली रीत एका दिवसात जात नाही.

म्हातारीने बोटावर दही घेऊन चाखले. बराच वेळ ती ते तोंडात घोळवत राहिली. "माझ्यापेक्षा गोड लागलंय," ती म्हणाली. "त्याला आवडलं असतं." मग आत जाऊन तिने वाटी रिकामी केली, धुतली आणि परत आणून दिली. वाटीत ऊन ऊन भाकरीचा तुकडा होता. वाटी कधी रिकामी परत देऊ नये, हे शिष्याला आईने शिकवले होते. या बाईलाही कुणीतरी शिकवले असणार. गल्लीच्या मधोमध उभा राहून तो आईच्या नावाने रडला, तिच्या जाण्याची बातमी आल्यानंतर पहिल्यांदाच.

"काय म्हणाली?" गुरुजींनी दारातून विचारले.

"म्हणाली, उद्या सकाळी मी येते."

रात्रीतून वारा फिरला. पहाटे गुरुजींचे गलबत सुटले, तेव्हा धक्क्यावर त्यांना निरोप द्यायला कुणी नव्हते. शिष्य निघत होता, पण गुरुजींनीच त्याला उंबरठ्यावर थांबवले. "तू राहा," ते म्हणाले. "तुझ्याकडे माणूस यायचं आहे."