शिंपेटची हरकत

एका राज्यात समुद्राचा थेंब नव्हता, तरी तिथला राजा शूलसेन किनाऱ्यांच्या प्रश्नांवर निर्णय घेणाऱ्या सागरसभेत पहिल्या रांगेत बसे. का? तर दूरच्या शिंपेट बेटावर त्याच्या आजोबाने कधीतरी झेंडा रोवला होता! बेटावर राहणार, मासे मारणार तिथली माणसं. आणि त्यांच्या वतीने बोलणार कोण? ज्याचा पाय खाऱ्या पाण्यात कधी भिजला नाही, तो!

वर त्याच्या मांत्रिकाने सभेच्या उंबऱ्यावर मंत्र टाकून ठेवलेला. बेटावरचं माणूस आत आलं, की त्याचा आवाज राजाच्या कंठात जाई.

एके वर्षी सभेपुढे एक शापित गलबत आलं. पोटात सोनं, पण जिथे नांगर टाकी, तिथले मासे मरत. राजा म्हणाला, "सोनं आमच्या महाली पाठवा, गलबत शिंपेटच्या खाडीत बांधा. बेटाची हरकत नाही. पुढच्या पौर्णिमेला शिक्का उठवू."

सभेच्या छपरावर बसलेल्या कुररी या समुद्रपक्षिणीने ही बातमी बेटाची कारभारीण भिवराई हिला सांगितली. ती पेटलीच. "हरकत नाही म्हणे! विचारलं कोणी आम्हाला? त्याच्या बापाची खाडी आहे?"

कुररी म्हणाली, "तीन कामं कर. खाडीच्या चिखलाचा घडा घडव. त्यात समुद्राकडे पाणी माग. आणि सभेत आवाज गेला तरी मागे फिरू नकोस."

घडा झाला. पाणी समुद्राने स्वतः ओतलं. बेटावर भरती आली की ते घड्यात चढे, ओहोटी लागली की उतरे. तिसरं काम मात्र जिवावरचं. उंबरा ओलांडताच भिवराईची जीभ लाकूड झाली, आणि राजा हसला तो तिच्याच आवाजात. "काय गं, घसा बसला वाटतं?"

सभेची रीत अशी, की बोलण्याआधी अध्यक्षांनी विचारायचं, "तुमच्या किनारी या घडीला काय?" खरं सांगेल त्यालाच बोलायचा हक्क. पण राजाचं उत्तर पडताळणार कोण? त्याला ती आपली शुभ बोलायची रीत वाटे. नेहमीसारखं त्याने ठोकून दिलं, "भरती!"

भिवराईने घडा पुढे सरकवला. पाणी खाली खाली गेलं, तळाचा चिखल उघडा पडला, त्यावरून एक खेकडा निवांत चालू लागला.

अध्यक्षांनी डोकावून पाहिलं; समुद्राने भरलेला घडा त्या किनाऱ्याचीच भरती-ओहोटी दाखवतो, हे ते जाणून होते. "महाराज, तुमच्याकडे दरवर्षी भरतीच कशी असते?"

"म्हटलं, चांगलं बोलावं..."

भर सभेत खोटं उघडं पडलं आणि त्याच खोट्यावर टिकलेला मंत्र तुटला. राजाचा कंठ कोरडा झाला, आवाज मालकिणीकडे परतला.

"शिंपेटच्या किनारी काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"ओहोटी," भिवराई म्हणाली. "आणि आमची हरकत आहे."

सोन्यासकट गलबत सभेने उचललं ते शूलसेनाच्या राजवाड्यामागच्या तळ्यात ठेवलं. शिंपेटच्या खाडीत जाळी पडतच राहिली. आणि पहिल्या रांगेतल्या त्या आसनावर आता भिवराई बसते; त्याखालची फरशी तेव्हापासून ओली असते.